साहेब आले आणि जॅकेट उतरलं

गुरुवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

पाय फार दुखताहेत. आज अंबडच्या कारखान्यात अग्निशमनवाल्यांची रंगीत तालीम घेतली. पहिली पोचली ती वैशालीची गाडी, म्हणून प्रमुखाचं हिरवं जॅकेट तिच्या अंगात. ज्याच्या अंगात जॅकेट, त्याचाच हुकूम. छान चाललं होतं. तेवढ्यात तिचे मोठे साहेब आले. पोरीने जॅकेट उतरवून त्यांच्या हातात दिलं आणि अदबीने मागे उभी राहिली. साहेबांना वाटलं, सांभाळायला दिलंय. त्यांनी घडी करून काखेत धरलं. मग हुकूम कोणीच देईना, आणि जखमी म्हणून ठेवलेले दोन पुतळे धुरातच राहिले.

"अगं, मी नुसता बघायला आलो होतो," साहेब म्हणाले.

"मॅडम, ते उभे असताना मी ऑर्डर सोडायची? बरं दिसतं का?" वैशाली मला म्हणाली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वर्गात आल्या की बोलणं अर्धवट टाकून आम्ही उभ्या राहायचो. ते आठवून अजूनही बरं वाटतं. पण ते काखेतलं जॅकेट... खरी माणसं आत असती तर?

कुंभमेळ्यात तिच्याकडे घाट सोपवायचा की नाही, हे माझ्या शेऱ्यावर आहे. नापास करवत नाही. पास तरी कशी करू?

उद्या पुन्हा तालीम. आत्ताच साहेबांना फोन केला. म्हटलं, या, पण आल्या आल्या तिला विचारा, मी कुठे उभा राहू.

ते म्हणाले, "विचारतो. पण ती सांगेल का?"

सांगेपर्यंत विचारत राहा, म्हटलं.