सुपाचं भांडं

प्रिय धाकटे,

वर्ष संपलं. जानेवारीत शिलाई मशीनवर चिकटवलेला माझ्या संकल्पांचा कागद आज काढला. अख्खं बायबल वाचायचं होतं, गाडं तिसऱ्याच पुस्तकात, लेवीयात अडलं. चर्चमधल्या आजाऱ्यांना भेटायचं होतं, आपणहून एकाकडेही गेले नाही. तू कधी असला कागद केला नाहीस, तरी पाळकांच्या तोंडी तुझंच कौतुक. माझा नुसता तिळपापड होतो.

परवा तुला अचानक बाहेरगावी जावं लागलं, म्हणून तू ज्यांना सूप नेऊन देतेस, त्या दृष्टी गेलेल्या बाईंकडे या वेळी मीच गेले. म्हटलं, कळू दे लोकांना, थोरलीलाही हात आहेत! बाईंनी माझा हात चाचपला. "आलीस गं? तू सांगितल्यापासून तुझ्या ताईसाठी रोज प्रार्थना करते हो. फार दमते ना ती?"

"हो," मी म्हणाले, तुझ्यासारखा मऊ आवाज काढून.

वर्षभरात माझ्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम तुझ्या नावावर गेलं. हे पत्र टाकलं, तर तू धावत जाऊन बाईंना खरं सांगशील आणि ते मला परत मिळवून देशील, तेही हसत हसत. तेवढं मात्र मला सोसायचं नाही.

तुझी,
ताई