कोरं लायसन

॥ श्री ॥

औंढे, मंगळवार, ता. १८ एप्रिल १९४४

प्रिय दत्तोबा,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण कुसगावच्या शाळेत आपण दोघं एकाच पाटीवर अक्षरं गिरवली, म्हणून तो शब्द राहू दिला. शनिवारी तू घरी आलास, चहा घेतलास, काम सांगितलंस. मी गप्प बसलो, तो होकार धरून तू निघून गेलास. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर शिवी आली असती, आणि घरात देव आहेत. म्हणून आज कागद घेतला.

तीन वर्षांपूर्वीचा कार्ल्याच्या वळणावरचा तो दिवस तू विसरला असशील. मी विसरलेलो नाही. तुझे व्याही पुढच्या बाकावर बसले होते आणि मालकालाही मोटार हाकता येते हे तुला त्यांना दाखवायचं होतं. मी चाक सोडत नव्हतो. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "गाडी कुणाची हाय, हौशा?" मी सरकलो. लाकडाची मोळी घेऊन कडेने चाललेला वाडीतला बहिरू तुला दिसला नाही. त्याचा पाय मांडीपासून मोडला. मी त्याला उचलून आत घेत होतो तेव्हा तू व्याह्यांच्या कोटावरची धूळ झटकत होतास. हे मी आजवर बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तू आलास. मालकावर खटला झाला तर मोटार सर्व्हिसचं परमिट जाईल, दहा घरच्या चुली विझतील, म्हणालास. ड्रायव्हरच्या लायसनवर काय, एक शेरा पडेल. तीन वर्षं सांभाळून चालवलं की नवं, कोरं लायसन मिळतं. मला पटलं. वडगावच्या कोर्टात देवासमक्ष खरं सांगेन असं म्हणालो आणि त्याच श्वासात खोटं बोललो. तेव्हापासून भैरोबाला पायरीवरूनच हात जोडतो, गाभाऱ्यात जायची हिंमत झाली नाही.

ती तीन वर्षं मी कशी काढली ते तुला ठाऊक नाही. एक जरी चूक झाली असती तर शेरा कायमचा चिकटला असता. देहूरोडच्या लष्करी लॉऱ्या अंगावर यायच्या, मी चाक मातीत उतरवून थांबायचो. पेट्रोल मिळेना म्हणून तू मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलीस, चढावर गाडी धापा टाकायची, तरी वेगासाठी कधी उतारावर मोकळी सोडली नाही. कंडक्टर शिदू उतारूंसमोर म्हणायचा, "आबा, ती म्हस फुडं जाऊ द्या, तिला उशीर हुतोय." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या कागदावरची शेऱ्याची लाल शाई पुसायची एवढंच मला दिसत होतं.

गुरुवारी पुण्याच्या कचेरीत नवं लायसन मिळालं. संध्याकाळी तुला दाखवलं, तेव्हा तू पाठीवर थाप मारलीस. मला वाटलं, तुझ्याही मनावरचं ओझं उतरलं. शुक्रवारी तुझ्या भावाने, भिमाजीने, कुसगावात भाजीची पाटी घेऊन बसलेल्या धोंडाबाईला गाडीचा धक्का दिला, म्हातारीचा हात मोडला. आणि शनिवारी तू माझ्या ओसरीवर बसून काय म्हणालास? "भिमाजीवर दोन शेरे हायेत, तिसऱ्याला त्याचं लायसन जाईल. तुजं आता कोरं हाय. तुला एक पडला तर काय बिघडतंय?" वर हेही सांगितलंस, की पोलिसांना माझं नाव देऊन झालं आहे. दत्तोबा, मी तीन वर्षं जे धुऊन काढलं, ते तुझ्या घराने पुन्हा मळवायला म्हणून?

रविवारी मी वाडीवर गेलो. बहिरू दारात बसला होता, पाय वाकडाच बसला आहे. मोळ्या आता त्याची बायको भागूबाई वाहते. मी त्याला सांगितलं की चाकावर मी नव्हतो. तो म्हणाला, "आमाला ठावं हाय. आमी बगितलं हुतं." मग कोर्टात का बोलला नाहीस, असं विचारलं. म्हणाला, "तुमी देवाची आन घेतली. आन घेतलेल्या मानसाला चारचौघांत खोटं पाडायचं न्हाई, ही आमची रीत. त्याचं त्यानं देवाला सांगावं." भागूबाई आतून पाणी घेऊन आली. तांब्या पुढे ठेवत तिने एवढंच विचारलं, "तीन वरसं लागली व्हय, भाऊ, हितवर याया?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. तुझ्यावरचा माझा राग खरा आहे, पण त्या दारात तो अर्धा माझ्याकडे वळला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. उद्या वडगावला माझ्या नावाचा पुकारा झाल्यावर शुक्रवारी चाकावर भिमाजी होता हे मी सांगणार आहे. कार्ल्याच्या वळणावर कोण होतं तेही सांगणार आहे. खोट्या आणेची शिक्षा मला होईल, लायसनही बहुतेक जाईल. घरी बायकोला, रतनबाईला, तसं सांगितलं आहे, ती रडली नाही, भाकरी किती बांधू एवढंच विचारलं. मी माझ्या तोंडाने कबूल केल्यावर बहिरूला साक्ष द्यायला अडचण नाही, तोही येतो आहे. तुझ्या मोटारीत तो बसणार नाही, म्हणून औंढ्यातून बैलगाडी जुंपतो आहोत. हे पत्र आजच शिदूच्या हाती देतो, कारण तुझं नाव माझ्या तोंडून निघण्याआधी तू स्वतः उभं राहून ते घ्यावंस, अशी माझी अजून इच्छा आहे. पुकारा अकराला आहे. तोवर वाट बघेन.

अकरा वाजेपर्यंत तुझाच,
हौशीराम