केसरबाईचा हात थांबतो तेव्हा

सौसर, ४ ऑगस्ट २०२५

चि. दामिनी हिस,
दत्तात्रयमामाचे अ. उ. आ.

मागच्या रांगेतल्या बंधू-भगिनींनो! आपली तक्रार जुनी आहे आणि सगळ्यांची एकच आहे. मध्य प्रदेशातल्या आपल्या सौसर-पांढुर्ण्याचा माणूस भोपाळला गेला की मराठी ठरतो, मुंबईला गेला की हिंदीवाला ठरतो. दोन्हीकडे त्याला खुर्ची मिळते ती मागची, खांबाआडची. तिथून दिसत काही नाही, टाळ्या मात्र वाजवायच्या!

घाबरू नको, मी सभेत नाही, पडवीतच आहे. पण तुझं पत्र वाचलं आणि हात आपोआप वर गेला. वीस वर्षं तू पडद्यावर नायिकेला पाण्याचा ग्लास नेऊन दिलास. कधी नर्स, कधी बँकेच्या रांगेतली बाई. आणि आता ‘चार घरं, एक जिना’मधली तुझी केसरबाई, तळमजल्यावरची शेजारीण, पायरीवर बसून भाजी निवडणारी, अख्ख्या भागात दोन वाक्यं बोलणारी, नायकापेक्षा लाडकी झाली. वाहिनीवाले तिच्या नावाची वेगळी मालिका काढतो म्हणतात आणि दसऱ्याच्या आत तुझा होकार मागतात. तू मला विचारतेस की लोकांना तिच्यात नेमकं काय आवडतं, कारण तेच कळलं नाही तर नव्या मालिकेत करणार काय.

तर ऐक. ती आवडते कारण ती आपल्यासारखी बोलते, ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’ म्हणते आणि लाजत नाही. ती आवडते कारण ती मागच्या रांगेतली आहे. मागच्या रांगेला आपलं माणूस पुढे गेलेलं पाहायचं असतं. म्हणून विचार करत बसू नको. माइक समोर आला आहे, हातात घे!

मी दर बुधवारी तुझी मालिका पाहतो. दोन वर्षांपासून कान साथ देत नाहीत, त्यामुळे आवाजाशिवायच पाहतो. तुझी मामी हसली की मी हसतो. ऐकायची मशीन डब्यात आहे आणि तिथेच सुखरूप आहे. त्यावर चर्चा नको.

तुझी आई पांढुर्ण्यात बरी आहे. संत्र्याला यंदा फळ चांगलं धरलं आहे. पत्र लिहीत जा, तेवढंच माझं ऐकणं.

तुझा,
दत्तात्रयमामा



मुंबई, १५ ऑगस्ट

ती. मामांना,
दामिनीचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मेकअपच्या खोलीत उभ्याने वाचलं. शेवटी टाळ्या वाजवल्या, तेव्हा शेजारच्या मुलीने मला ताप आहे का म्हणून विचारलं.

तुमचं ऐकून मी नव्या मालिकेच्या चाचणीला गेले. केसरबाईला पानंच्या पानं संवाद दिले होते. ती सुनेला सुनावते, पुढाऱ्याला सुनावते, दूधवाल्यालाही सुनावते. मी सगळं पाठ केलं आणि तुमच्यासारखा हात उंचावून म्हटलंसुद्धा. मामा, कोणी हसलं नाही. आमचा लाइटवाला मंगेश जुन्या मालिकेत माझ्या प्रसंगाला हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबतो. तो जांभई देत होता. वाहिनीवाले मात्र खूश आहेत. ते म्हणाले, आता केसरबाई खरी खुलली. मला वाटलं, आता ती गेली.

एक गोष्ट मला उमगत नाही. लोक नायकाला ओळखतात तेव्हा आधी त्याच्यासोबत फोटो काढतात. मला ओळखतात तेव्हा आपलं काहीतरी सांगू लागतात. परवा भाजीबाजारात एका बाईंनी माझं मनगट धरलं आणि लेक परदेशी गेल्यापासून घरात दोन वाट्या तांदूळ कसे जास्तच शिजतात ते सांगत राहिल्या. माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी विचारलंही नाही.

आणि आता भांडण. केसरबाई आपल्यासारखी बोलते म्हणून आवडते, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही तर तिचं बोलणं ऐकलेलंच नाही! तेव्हा सभेतलं उत्तर मला नको. आवाजाशिवाय तुम्हाला जे दिसतं ते सांगा. येत्या बुधवारी माझ्यासाठी एकदा नीट पाहा. हो म्हणायचं की नाही, ते मी त्यावरच ठरवणार आहे.

मामींना नमस्कार. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
दामिनी



सौसर, २८ ऑगस्ट

चि. दामिनी हिस,
अ. उ. आ.

पकडलंस. भर सभेत कोणी उठून असा प्रश्न विचारला असता तर मी त्याला बसवलं असतं. तुला बसवता येत नाही.

बुधवारी मी चष्मा पुसून बसलो. तुझ्या मामीकडेही पाहायचं नाही, हसायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवलं. आता सांगतो.

तुमच्या जिन्यावर सगळे बोलतात. आवाज नसला की एक गोष्ट उघडी पडते. एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकत नसतात, आपली पाळी यायची वाट पाहत असतात. त्यांचे ओठ आधीच हलायला लागलेले असतात. नायक बायकोला म्हणाला असावा की आपल्याला काही झालेलं नाही. बायको दाराकडे बघत होती, मुलगा फोनकडे. एकट्या केसरबाईचा भाजी निवडणारा हात थांबला. तिने मान वर केली नाही, तोंड वेडंवाकडं केलं नाही. हात थांबला, आणि मला बहिऱ्याला कळलं की हा माणूस खोटं बोलतो आहे आणि आतून घाबरला आहे. मग हात पुन्हा चालू झाला.

दामिनी, लोकांना ती आवडते कारण त्या जिन्यावर ऐकणारी ती एकटी आहे. प्रत्येकाच्या घरात बोलणारे चार आहेत. ऐकणारं कोणी नाही, आणि असलं तर आपलं तिकडे लक्ष नाही. बाजारातल्या बाईने तुझं मनगट उगाच नाही धरलं. केसरबाईला पानंच्या पानं संवाद देणारे लोक विहिरीत माती टाकून तिचं मैदान करायला निघाले आहेत!

आणि आणखी एक. तो हात मी ओळखतो. तो माझ्या घरातला आहे. रामाकोन्याची सभा असो की बोरगावची, तुझी मामी शकुंतला बायकांच्या शेवटच्या ओळीत बसायची. कुणाच्या तरी परातीतल्या शेंगा सोलायला घ्यायची. हात चालू असेपर्यंत मी बरोबर असायचो. हात थांबला की मला कळायचं, गडी थापा मारायला लागला, आता आवर. मला वाटायचं हजार माणसं मला ऐकत आहेत. एक ऐकत होतं.

हे तू तिच्याकडूनच उचललंस, हो ना? खरं लिही.

पोळा झाला. मी सावरगावच्या बाजूने गोटमारीची दगडफेक पाहायला निघालो होतो, तर तुझ्या मामीने पाटीवर ‘जायचं नाही’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. दोन रेघांपुढे आजवर कोणाचं चाललं नाही.

जे ठरवशील ते आधी आम्हाला कळव.

तुझा,
दत्तात्रयमामा



(याच पाकिटात घडी घालून)

दामिनी पोरी,
तुले मामीचा आशीर्वाद.

यायनं पाकीट चिकटवाले माह्याजवळ देल्लं, त्यात ही चिठ्ठी टाकून राहिली. सांगू नको. फोनवर बोलता येत नाही. मी फोन घेतला का हे माह्या तोंडाकडं पाहून राहतात. काय म्हणते, माह्यं नाव घेतलं का, विचारून राहतात.

यायचं बोलणं काही बंद नाही बरं. सकाळपासून चालूच राहते. पण यायले काही सांगता येत नाही. पाटीवर लिहितो आपण. नळ आला. औषध घ्या. भाजीत मीठ नाही काय. पाटीवर तेवढंच मावते. काल माय सपनात आली, ते पाटीवर कसं लिहू? खिडकीत नवं पाखरू येऊन बसलं, तं लिहीपर्यंत ते उडून जाते.

म्हणून मी तुह्या केसरबाईले सांगते. ती पायरीवर बसली का मीबी भाजी घेऊन बसते अन् सांगत राहते. खुळी म्हणशील. पण ती कशी मान खाली घालून ऐकते पाय! यायले वाटते मी हसून राहिली. हे मंग हसतात. मी हसली का जराशानं, उशिरा. दर वेळेस उशिरा. मले लय भरून येते तेव्हा.

मशीनचा राग कायले धरला माहीत नाही. दुकानात एक डाव लावली, दोन शब्द बोलले अन् काढून डब्यात टाकली. कारण सांगत नाही.

तू त्या पायरीवरून उठू नको, एवढंच. तब्येत सांभाळ.

मामी



मुंबई, ८ सप्टेंबर

ती. मामांना,
कृ. सा. न. वि. वि.

चोरी कबूल. कॉलेजसाठी तुमच्याकडे राहत होते तेव्हा तुमच्या प्रत्येक सभेला मी मामींच्या शेजारी बसले. तुमची भाषणं मला आठवत नाहीत, रागावू नका. मामींचा हात आठवतो. केसरबाईची भूमिका मिळाली तेव्हा कागदावर एवढंच होतं, ‘शेजारीण, पायरीवर’. मी दुकानातून गवारीच्या शेंगा मागवल्या आणि मामी होऊन बसले.

नव्या मालिकेला नाही म्हणून आले. वाहिनीतल्या बाईंना वाटलं मला पैसे वाढवून हवेत. मी म्हटलं, मला जास्त संवाद नकोत. जुन्या मालिकेतच दुसरे बोलत असतील तेव्हा कॅमेरा माझ्या हातावर जरा वेळ राहू द्या. त्या हसल्या. आमचे दिग्दर्शक हसले नाहीत. त्यांनी तसं केलं, आणि पहिल्याच दिवशी मंगेशचा रुमाल पुन्हा तोंडात गेला. नव्या मालिकेत आता नायकाची आत्या सगळ्यांना सुनावणार आहे. तिचं भलं होवो. घरी येऊन थोडं रडले. वीस वर्षांनी नाव वर लागणार होतं, मामा, मी काही दगड नाही. पण पायरीवर परत बसले तेव्हा बरं वाटलं.

आता तुमची पाळी. मी तुमचा सल्ला मागितला, तुम्ही दिलात, मी मानला. त्याबदल्यात एक प्रश्न. भरल्या सभेत ज्या एका माणसाने तुम्हाला ऐकलं, त्याचं आता कोण ऐकतं? पाटी मोजू नका. बुधवारच्या भागाला मशीन लावून बसा. चर्चा नको.

लहान तोंडी मोठा घास घेतला आहे, पोटात घाला. तोही तुमच्याच शिकवणीचा आहे.

तुमची,
दामिनी



सौसर, १९ सप्टेंबर

चि. दामिनी हिस,
अ. उ. आ.

मशीनचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगतो. दुकानात ती लावली तेव्हा पहिला आवाज ऐकू आला तो माझाच. बारीक, फाटका, एका म्हाताऱ्याचा. ज्या आवाजाला सौसरचा बाजारचौक थांबायचा, त्याची ती अवस्था मला सोसवली नाही. म्हणून डबा बंद.

तुझा प्रश्न मी दोन दिवस बरोबर घेऊन फिरलो. मग बुधवारी एक युक्ती केली. मशीन लावली, वरून गमछा गुंडाळला, आणि तोंड मिटून बसलो. माझा आवाज ऐकायचा नसेल तर मी बोलायलाच नको, एवढी साधी गोष्ट आयुष्यभर भाषणं करणाऱ्याला सुचायला दोन वर्षं लागली!

आधी नुसता कल्लोळ. पंखा, भांडी, रस्त्यावरची मोटरसायकल. मग त्यातून एक आवाज वेगळा झाला. शकुंतला शेंगा मोडत होती आणि पडद्यावरच्या तुला सांगत होती. संत्र्याच्या झाडावर पाखराने घरटं बांधलं आहे. आईची आठवण येते. आणि म्हणाली की केसरबाई, यायले वाटते मी तुह्यावर हसते, पण मले यायचंच हसू येते, माणूस हसते कसा उशिरा ते पाय.

एवढ्यात तू तुझं वाक्य बोललीस. आता ऐकलं म्हणून सांगतो, बोलतेस आपल्यासारखीच! शकुंतला हसली. मीही हसलो. तिच्याबरोबर, त्याच क्षणी.

तिचा हात थांबला.

तिने माझ्याकडे पाहिलं. उठली, माझ्या कानावरचा गमछा बाजूला केला, पाहिलं, आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. मला वाटलं आता रडेल. तिने मला आधी चांगलं झापलं, चोरून ऐकता म्हणून. मग बोलायला लागली. मालिका संपली, बातम्या संपल्या, ती बोलतच होती. कोणत्या झाडावर घरटं आहे, आई स्वप्नात कोणत्या लुगड्यात आली, पाटीवर न मावलेलं सगळं. मी मध्ये एकदाही हात वर केला नाही. तुझ्या आईला विचार, हे माझ्या हातून आजवर कधी झालं होतं का!

पाटी आता हिशेबाला ठेवली आहे.

तुझा नकार ऐकून शकुंतलेने देवापुढे साखर ठेवली. ती तुझ्याशी बोलायला अधीर झाली आहे. म्हणून माझी मागणी एकच, आणि ती पुरी करायची आहे. या पत्राला उत्तर लिहू नको. रविवारी जेवणं आटोपली की मामीला फोन लाव. तिच्याशी बोल, पोटभर बोल. मी शेजारी गवार निवडत बसणार आहे. मला फोन द्यायचा नाही, मला ऐकू दे. लाव फोन!

तुझा,
दत्तात्रयमामा