धुक्याच्या दशम्या

अहो,

त्या सकाळी मी दशम्या लाटत होते. चहा उतू जाऊन शेगडीवर सांडलेला, आणि तुम्ही एक हातमोजा घालून दुसरा शोधत होतात. "पंचवीस मिनिटांच्या विमानाला आठ दशम्या? बाईसाहेब, मी नोआटॅकला जातोय, नागपूरला नाही."

"विमानाच्या नाहीत त्या, धुक्याच्या आहेत," मी म्हटलं.

हे आज लिहितेय, कारण आता मीच नोआटॅकला अडकले आहे. धुकं आहे. दवाखान्याच्या बाकावर बसले आहे आणि पिशवीत दशम्या आहेत. हसा.

या बर्फाच्या मुलखात कॉट्झब्यूच्या आपल्या घरापासून हे गाव जेमतेम पन्नास मैल. रस्ता नाही. वीस वर्षं दर महिन्याला तुम्ही इथल्या लोकांचे दात बघायला आलात, मला एकदाही आणलं नाहीत. "लहान विमान असतं, तू घाबरशील." मला कधी विचारलंत?

इंग्रजी वाचायला मी तुमच्या जुन्या वेळापत्रकांवरच शिकले, माझी मी. त्यात निघायची वेळ असते, पोचायची असते. थांबायची नसते.

मार्चमध्ये, त्याच दिवशी, तुम्ही इथेच गेलात, दुपारच्या जेवणानंतर. मी तीन दिवस कॉट्झब्यूच्या विमानतळावर काउंटरसमोर बसून होते. तिसऱ्या दिवशी धुकं उठलं आणि पहिल्या विमानातून तुम्हालाच आणलं. पंचवीस मिनिटं संपायला तीन दिवस लागले. त्याचा राग अजून गेलेला नाही. मला तो घालवायचाही नाही.

अमोल बॉथेलहून रोज फोन करतो. "आई, तिकडे एकटी काय करतेस? इकडे ये, तुझी रूम रेडी आहे."

"बाबांचा डबा नोआटॅकला राहिलाय."

"डबा ते शिप करतील ना, यार."

"डबा शिप होईल रे. मी नाही होणार."

इकडे येताना काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांदेखत वजन विचारलं, लहान विमानाला ते लागतं म्हणे. मी थोडं कमी करून बासष्ट सांगितलं, तेही किलोत. तिला पौंड वाटले. मग पिशवीसकट काट्यावर उभं राहावं लागलं.

दवाखान्यातल्या ॲग्नेसआजींनी डबा घासून ठेवला होता. म्हणाल्या, "डॉक आम्हाला यातलं वाटायचा. म्हणायचा, ही माझ्या बायकोची धुक्याची भाकरी." त्या दिवशीही तुम्ही दोन खाल्ल्या होत्या म्हणे.

म्हणजे ऐकत होतात तर. मग मला तोंडावर का नाही सांगितलंत?

बॉथेलला मी पाहुणी म्हणून जाईन, राहायला नाही. इथे दर महिन्याला दशम्या येतील, आणि त्या मी घेऊन येईन. हा शब्द देते.

एवढं काल लिहिलं. आज धुकं उठलं, विमान आलं. वजन पौंडात सांगितलं, खरं सांगितलं. डबा ॲग्नेसआजींकडेच ठेवला.

तुमची,
सुमन