डोळे मिटू नका

ती. दादास,

धाकट्याचा गुडघे टेकून नमस्कार. (भक्ती वाढलेली नाही, आठवडाभर सरावात टेकलेले गुडघे आता सरळ व्हायला तयार नाहीत.) तुझा रक्तदाब काय म्हणतो? वहिनींना सांग, माझ्या डाव्या हाताची बोटं सोडून इकडे सगळे खुशाल आहेत.

तुझ्या पुतणीची शनिवारी बेसबॉलची निवड चाचणी आहे. चेंडू फेकणाऱ्या प्रत्येक मुलीने तो झेलणारा कॅचर स्वतःच आणायचा, असा नियम. तिची कॅचर मैत्रीण कांजिण्यांनी आडवी झाली आणि मी सगळ्यांसमोर "बाप कशाला आहे?" म्हणून बसलो. हात दाखवून अवलक्षण!

तेव्हापासून फोटो स्टुडिओ चारलाच बंद. मागच्या खोलीत मी गादीवर गुडघे टेकतो आणि बायको मोज्यांचे गोळे फेकते. ग्लोव्ह न घालता, नुसत्या बोटांनी अलगद घ्यायचे आणि घेतल्या जागी हात स्थिर ठेवायचा. (हात खाली गेला की चांगला चेंडूही पंचाला वाईट दिसतो.) मोज्यांत मी पहिल्या नंबराने पास झालो. बायकोचा नेम सारखा नाकावरच कसा बसतो, हे लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यामुळे विचारलं नाही.

मग अंगणात, ग्लोव्ह घालून, लेकीचा खरा चेंडू. बायकोने माझे अकरा फोटो काढले. अकराच्या अकरांत डोळे मिटलेले! पासपोर्टच्या फोटोसाठी अख्ख्या गावाला "डोळे मिटू नका" म्हणून दटावणारा मी! लेक मात्र हसली नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती.

काल तिच्या प्रशिक्षकांनी मला गाठलं. म्हणाले, "पोरीचा वेग पार उतरलाय. शनिवारी असंच टाकलं तर नाव कटलं समजा." मला लागू नये म्हणून ती मुद्दाम हळू टाकत होती, दादा. विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुम्हाला दुकानात कामाला बोटं लागतात ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझा,
धाकटा

ता. क. – आता मुद्द्याचं. तू कारखान्याच्या संघात कॅचर होतास. शुक्रवारी ये आणि शनिवारी माझ्या जागी बस. मी बोलावलं हे तिला सांगू नकोस.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवण्याआधी राहवलं नाही. तिला अंगणात नेऊन म्हटलं, "जोरात टाक, नाहीतर मी शनिवारी येतच नाही." तिने टाकला. दादा, मला चेंडूची शिवण दिसली! हात जागचा हलला नाही. अंगठा टम्म फुगलाय, पण बायकोने बाजूने काढलेल्या फोटोत माझे डोळे टक्क उघडे आहेत. गच्च मिटलेत ते लेकीचे. तेव्हा तू येच. बसणार मीच, तू फक्त माझ्या मागे उभा राहा आणि तिला ओरडून सांग, डोळे उघड, बापाला काही होत नाही.