समुद्राची तालीम घोड नदीवर

५ जानेवारी, भांडगाव
जायचं! प्रगतीचा फोन आला. माझी नणंद, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला नोकरी करते. "वहिनी, मार्चला या दोघं. चारच दिवस. तिकिटं मी काढते. ट्राम पकडली की समुद्र!"
लग्नाला बारा वर्षं होतील, पण नवऱ्याबरोबर एक मुक्काम बाहेर नाही. जेजुरीला गेलो तरी संध्याकाळच्या धारेला घरी.
विक्रम म्हणाला, "जाऊ की." आणि उठून गोठ्यात गेला.
(इथं वहीत विक्रम. तोंडावर 'अहो'. चालायचंच.)

७ जानेवारी
त्या "जाऊ की"चा अर्थ आज कळला. बाकीच्या गायींना धारेचं मशीन चालतं. चंद्रीला नाही! ती गीर, घरची महाराणी. धार फक्त विक्रमच्या हातची. दुसरं कुणी बसलं की आधी लाथ, मग पान्हा चोरते. एक थेंब सोडत नाही, ढिम्म उभी राहते.
मी म्हणाले, "सवतीला किती डोक्यावर बसवायचं ते!"
"तसं न्हाई. दूध अंगात राहिलं तर कास खराब व्हती."
बायकोच्या अंगात राग राहिला तर काय खराब होतं, ते कुणी विचारत नाही.

११ जानेवारी
व्हॅलेन्सियाबद्दल विक्रमचे आजचे प्रश्न: तिथं संत्र्याच्या बागा हायेत म्हणं, ठिबक कसलं वापरत्यात? भाताला पाणी कुठलं? समुद्राबद्दल एक अक्षर नाही!
प्रगती वैतागली. "दादाला बीचवर न्यायचं का कृषी प्रदर्शनाला?"
आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. जायचं की नाही ते ठरलेलं नाही, पण चटणी तयार.

१६ जानेवारी
आण्णांनी तोड काढली. सासऱ्यांचं डोकं म्हणजे डोकं! विक्रमचा न धुतलेला शर्ट अंगात घालून तेच चंद्रीच्या धारेला बसणार. "जनावर वासावर माणूस वळखतं. आमच्या वक्ताला असंच फसवायचो." पण विक्रम आसपास दिसला की ती हंबरणार. म्हणून आम्ही दोघांनी दोन दिवस माझ्या माहेरी, इनामगावला जायचं. चंद्रीनं दूध दिलं तर स्पेन, नाहीतर रामराम.
आण्णांच्या पोटावर शर्टाची बटणं लागेनात. आई म्हणाल्या, "नवरदेव दिसताय जणू." आण्णा चक्क लाजले!

१९ जानेवारी, इनामगाव
घोड नदीच्या काठावर आम्ही दोघंच. मी म्हणाले, "हाच समुद्र समजा. पाण्यात पाय सोडा." सोडले. अन् लगेच फोन!
"आण्णा, दिलं का दूध?"
पलीकडून आण्णा ओरडले, "दिलं की! बादली भरली!"
मी टाळ्या वाजवल्या. विक्रमचं तोंड एवढंसं झालं. "एवढ्यात इसरली व्हय मला?" गाय रुसली नाही म्हणून नवरा रुसला!
हसले खूप. पण खरं लिहायचं तर लागलंही. मी माहेरी येते तेव्हा ह्या माणसाचं तोंड कधी असं झालेलं ऐकलं नाही.

२१ जानेवारी
घरी आलो. चंद्रीच्या वासराला हगवण लागलीय. आण्णा म्हणाले, "पाणी बाधलं असंल." आई तोंडाला पदर लावून आत गेल्या. विक्रमनं वासराला औषध पाजलं. मग चंद्रीच्या धारेला बसला.

६ फेब्रुवारी
पुण्यात व्हिसाच्या खिडकीवर. आतल्या मुलीनं सहज विचारलं, "परत येणार ना नक्की?" विक्रमनं मोबाईल काढून तिला चंद्रीचा फोटो दाखवला! "ही हाय की घरी."
मुलगी हसली. मी शेजारीच उभी. माझा फोटो आहे का त्या मोबाईलमध्ये?

२१ फेब्रुवारी
व्हिसा आला!!

२७ फेब्रुवारी
उद्या निघायचं. आईंनी बॅगेत चटणी कोंबली आणि हळूच म्हणाल्या, "सविता, तुम्ही इनामगावला हुता तवा चंद्रीनं थेंब दिला न्हवता बघ. ह्यांनी वासरू सोडलं, त्यानंच ओढलं समदं. म्हणून तर हगवण. आता बी वासरूच पाजू, पर बेतानं. इक्रमला बोलू नगंस. आम्ही दोघं कवा कुठं गेलो न्हाई. तुम्ही तरी जावा."
मला रडूच आलं. सांगितलं तर तो यायचा नाही. नाही सांगितलं तर मीच आतून कुढत राहणार.
नाही सांगितलं. मला जायचंय.

२ मार्च, व्हॅलेन्सिया
समुद्र! विक्रमनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझा हात धरून पाण्यात नेलं. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.
"ठाऊक हाय," म्हणाला. "वासराला बघितलं तवाच कळलं. पाण्यानं बाधतंय व्हय तसं?"
"मग आलात कसे?"
"तुला यायचं हुतं न्हवं."
मी त्याला तिथंच, भर पाण्यात, मोठ्यानं "विक्रम" म्हणून हाक मारली.