बर्फातली चौकशीची खिडकी

बाबा, मी आता काय काम करते ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी टेक्सासात, फ्रिस्कोच्या एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचे, आणि स्टँडवर कुणी विचारलं तर तुम्ही "कॉम्प्युटरचं बघते" एवढंच सांगायचात. तुमच्या मानाने ते फारच आखूड उत्तर होतं. त्या कामात तुम्हालाच विचारण्यासारखं काही सापडलं नसावं. आत्ताच्या कामावरून मात्र तुम्ही मला धड जेवू दिलं नसतंत. मी रॉकी पर्वतातल्या एका सरकारी जंगलात हिवाळी करमणुकीची मॅनेजर आहे. हसू नका. आपल्याकडे करमणूक म्हटली की सरकारला कर आठवायचा, इथे त्यासाठी माणूस नेमलाय. जंगल सगळ्यांचं, त्यामुळे बर्फ पडला की सगळेच येतात. कुणाला पायात स्की बांधून शांतपणे झाडांतून जायचं असतं. कुणाला स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी मोटरसायकलच म्हणा, ती घेऊन डोंगर दणाणून सोडायचा असतो. कुणाला नुसतं पोरांबरोबर घसरायचं असतं. कुठली वाट कुणाची, कुठली कधी बंद, गाड्या कुठे लावायच्या, कुठल्या उतारावरून बर्फ कोसळायची भीती आहे, हे ठरवायचं आणि मग त्यावरून बोलणी खायची. तुमच्या स्टँडवर गाडी वेळेवर लागली नाही की लोक चिडायचे, माझ्याकडे बर्फ वेळेवर पडला नाही की चिडतात.

तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसायचात आणि खरी चौकशी तुम्हीच करायचात. शाळा सुटली की मी स्टँडवर येऊन तुमच्या पाठीमागच्या बाकावर गृहपाठ करत बसे. माणूस विचारतो, अमुक गावची गाडी कधी आहे. तुम्ही वेळ सांगता, फलाट सांगता, आणि लगेच विचारता, "तिकडे कुणाकडे?" बहुतेक लोक सांगून टाकायचे. एकदा एक जण दाराची जुनी लाकडी चौकट घेऊन आला होता, ती टपावर चढेल का म्हणून विचारायला. चौकट चढली, गाडी सुटली आणि मागाहून तुमच्या लक्षात आलं की ती कुठे बसवणार हे विचारायचं राहिलं. रात्री जेवताना तेच. आई वरणात पळी फिरवत म्हणाली, तुम्हाला काय करायचंय त्या चौकटीशी? तुम्ही म्हणालात, "करायचं काही नाही, पण कळलं असतं तर बरं झालं असतं." आठवडाभर तुम्ही नवनवे अंदाज काढत होतात. शेवटी आईसुद्धा काढायला लागली.

तुम्ही मला रागावलात असं फारसं आठवत नाही. त्या खिडकीपाशी मात्र एकदा रागावलात. तुम्ही चहाला गेला होतात, मी तुमच्या खुर्चीत बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंनी कुठल्याशा आडगावची गाडी विचारली. मी "माहीत नाही" म्हणून पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. तुम्ही मागून येत होतात. त्या बाईंना गाडीपर्यंत पोचवून आलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "माहीत नाही म्हणायला लाज नाही. पण तिथेच थांबायचं नाही. बघून सांगते, असं म्हणायचं. आणि मग खरंच बघायचं." मला त्या वयात हे उगाच वाटलं होतं.

अमेरिकेला निघाले तेव्हा तुम्ही हिवाळ्यात येणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडून माझ्यासाठी चॉकलेटी रंगाची माकडटोपी आणलीत. टेक्सासात थंडी नसते हे मी चारदा सांगितलं होतं. टोपीपेक्षा तुम्हाला त्या दुकानवाल्या बाईंचं जास्त कौतुक. त्यांना तुम्ही विचारलं होतंत की बर्फाला आवाज असतो का, आणि त्या म्हणाल्या होत्या, असतो, पण रोज वेगळा. तुम्ही ते घरी येऊन असं सांगितलंत की जणू तुम्हाला बक्षीस मिळालंय. बाबा, त्या बाई बरोबर सांगत होत्या. कडाक्याच्या थंडीत कोरडा बर्फ पायाखाली नव्या चपलेसारखा करकरतो. ऊन पडलं की तोच भिजलेल्या पोह्यांसारखा गप्प होतो. आणि सपाट भागावरचा जाड थर एकदम खाली बसला तर जमिनीच्या पोटातून दबका 'हुंफ' येतो. तो ऐकला की आम्ही उतारांपासून लांब राहतो.

मी इथे कशी आले तेही सांगायला हवं. तुम्ही गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही फ्रिस्कोतली मराठी मंडळी, दोन गाड्या करून, डोंगरात बर्फ बघायला आलो. सगळे फोटो काढत होते. वाटेच्या तोंडाशी एका लाकडी खोपटात, छोट्या खिडकीमागे, युनिफॉर्ममधली एक बाई बसली होती. लोक तिला वाटा विचारत होते, आणि ती प्रत्येकाला उलट विचारत होती, कुठून आलात, बूट कसले आहेत, याआधी कधी बर्फात चाललात का. मी तिथेच उभी राहिले. बाकीचे पुढे गेले, हाका मारून दमले. माझी पाळी आली तेव्हा मी तिला वाट विचारलीच नाही, विचारलं की हे काम करायचं असेल तर काय शिकावं लागतं. तिने कागदाच्या कपात कॉफी दिली आणि सांगत बसली. मग पुन्हा कॉलेज, जंगलाचा अभ्यास, मधली हंगामी कामं, नागरिकत्व. आई फोनवर म्हणायची, चांगली एसीतली नोकरी सोडून बर्फात कशाला. नंतर म्हणायला लागली, अगदी त्यांच्यावर गेलीस.

आता गेल्या हिवाळ्यातलं सांगते. मूस नावाचा प्राणी तुम्ही पाहिला नाहीत. आपलं सांबर डोळ्यांपुढे आणा, त्याला घोड्याहून उंच करा, वर लोंबता ओठ लावा. त्या वर्षी बर्फ फार पडला आणि मूसची एक मादी पिल्लासह आमच्या सगळ्यात आवडत्या स्कीच्या वाटेवर येऊन राहिली. ही वाट आम्ही मोठ्या मशीनने दाबून सपाट करतो. मादी तिथून हलेना. आधी तिने एका कुत्र्याला लाथ मारली. मग एका निवृत्त शिक्षकांना उडवलं, त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या आठवड्यात फेब्रुवारीतला लाँग वीकेंड होता, आणि मुलांची स्कीची शर्यत नेमकी त्याच वाटेवर. कुणी म्हणालं फटाके वाजवून हाकला, कुणी म्हणालं गोळी घाला. आणखी एक माणूस जखमी झाला असता तर दुसरं खरंच करावं लागलं असतं.

मला आधी हे कळायला हवं होतं, की ती तिथेच का उभी राहते. राज्याच्या वन्यजीव खात्यातली एक तरुण जीवशास्त्रज्ञ आणि मी एक अख्खी सकाळ लांबून दुर्बिणीने बघत बसलो. पिल्लू एकदा वाटेवरून खाली उतरलं आणि पोटापर्यंत रुतलं. धडपडत परत वर आलं आणि कितीतरी वेळ मान खाली घालून धापा टाकत राहिलं. आई त्याच्या अंगाला अंग लावून उभी होती. जीवशास्त्रज्ञ म्हणाली की हिवाळ्याच्या अखेरीला यांच्या अंगात फार थोडी ताकद उरलेली असते, अशा चार-सहा धडपडींत पिल्लू संपू शकतं. म्हणजे आम्ही ती वाट स्कीसाठी दाबली आणि तिच्या लेखी त्या डोंगरातला तो एकच रस्ता झाला. समोरून येणारा प्रत्येक माणूस तिला त्या खोल बर्फात ढकलायलाच येत होता.

मी वाट बंद केली. गावच्या फायर स्टेशनमध्ये सभा झाली, उभं राहायला जागा नव्हती. स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाची मालकीण पहिल्या रांगेत होती, माझ्याच वयाची, हिवाळ्यावर वर्ष काढणारी. तिने विचारलं, किती दिवस बंद?

मी म्हणाले, "माहीत नाही."

मागे कुणीतरी हसलं. तिने शांतपणे विचारलं, "मग मी माझ्या गिऱ्हाइकांना काय सांगू?"

"रोज सकाळी बघून येते, आणि तुमच्या दुकानात येऊन सांगते. जे दिसेल ते."

बोलून झाल्यावर कळलं की हे वाक्य मी इंग्रजीत पहिल्यांदाच बोलले.

आम्ही ठरवलं ते असं. ओढ्याकाठी विलोची झुडपं होती, मूसचं खाणं तिथे होतं. बंद वाटेपासून त्या झुडपांपर्यंत मशीनने एक नवा पट्टा दाबून द्यायचा, फक्त तिच्यासाठी. आणि शर्यत स्नोमोबिलवाल्यांच्या रस्त्यावर घ्यायची. त्यासाठी त्यांच्या क्लबच्या अध्यक्षांना भेटायला गेले. त्यांच्याशी माझं आधी कधी पटलं नव्हतं. मी मागणी करायच्या आधी विचारलं की तुम्ही या डोंगरावर पहिल्यांदा कुणाबरोबर आलात. ते वडिलांबद्दल बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "एक वीकेंड. आणि मूसला सांग, तिने आमचे आभार मानायला हवेत."

पट्टा तयार झाला. पहिल्या दिवशी ती तिकडे फिरकली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोन्ही सकाळी दुकानात जाऊन "अजून नाही" सांगितलं. मालकीण कॉफी पुढे करायची. तिसऱ्या सकाळी पट्ट्यावर खुरांचे ठसे होते, मोठे, आणि त्यांच्या आत-बाहेर लहान. मी गुडघ्यांवर बसून ते बघत राहिले. ती आधी गेली की पिल्लू? थांबली कुठे? वळून पाहिलं का? हे सांगायला दुकानात गेले तेव्हा मालकिणीने मला हेच सगळे प्रश्न विचारले.

शर्यत झाली, पोरांना स्नोमोबिलचा रुंद रस्ता उलट आवडला. दुकानाचा वीकेंड मात्र पडेलच गेला, ती नाराजी अजून पुरती गेलेली नाही. शिक्षकांचं हाड जुळलं, ते भेटले की आधी मूसची खबर विचारतात. एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर ओढ्यापलीकडे एक मादी आणि एक पिल्लू दिसलं. तीच दोघं होती का? जीवशास्त्रज्ञ म्हणते, खात्रीने सांगता येणार नाही. मी अजून बघतेच आहे.

हे पत्र कुठे पाठवणार, आणि पाठवायचं म्हणून लिहिलंही नाही. माझी मुलगी मराठी बोललेलं समजते, लिहिलेलं वाचत नाही, त्यामुळे ते घरातही कुणी वाचणार नाही. फक्त एक गोष्ट. इतकी वर्षं मी हे काम करतेय, वाटा आखतेय, शर्यती घेतेय, आणि स्कीबद्दल एक साधा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. सगळे धरूनच चालतात. तुम्ही पहिल्या मिनिटाला विचारला असता: तुला येतं का गं ते? नाही, बाबा. सपाटीवर जमतं. उतार आला की मी आजूबाजूला कुणी नाही ना बघते, स्की काढते, खांद्यावर टाकते आणि चालत खाली येते.